कामगाराची कंबर आणि तिचा फोटो



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून थोर थोर पंडित बोलून गेले. मी सातवीनंतर मागावर उभा राहिलो. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि ग्रंथालयाच्या बाकावर. अशा माणसाने इतिहासावर काय बोलावे? चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'कंबरदुखी' असे सांगितले. ते क्षणभर हसले आणि म्हणाले, "हा डॉक्टरांचा विषय झाला." माझे म्हणणे असे की तो निम्माच डॉक्टरांचा आहे. उरलेला निम्मा कामगारांचा, मालकांचा, वकिलांचा आणि सावकारांचा आहे, आणि तो निम्मा भाग कोणी सांगत नाही.

प्रश्न साधा आहे. कंबर धरली म्हणून माणूस आपल्या नेहमीच्या डॉक्टराकडे जातो. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो : मणक्याचा फोटो काढून आणा. पूर्वी हा फोटो क्ष-किरणांचा असे, हल्ली एमआरआयचा असतो. अशी चिठ्ठी डॉक्टराने किती वेळा द्यावी, आणि तो देतो किती वेळा? या दोन आकड्यांमध्ये मोठे अंतर आहे. ते अंतर कसे पडले याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. औषधाचे ज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. जे छापलेले आहे आणि जे मी भिवंडीत पाहिले आहे, तेवढेच सांगतो.

फोटोच्या आधीची कंबर

फोटो नव्हता तेव्हा कंबरदुखी नव्हती असे नाही. आपल्या भाषेतच पुरावा आहे. उसण भरणे, लचक भरणे, चमक निघणे, कंबर धरणे, कंबर बसणे. इतके शब्द ज्या दुखण्याला आहेत ते दुखणे घरोघरचे होते, यात शंका नाही. त्यावर उपाय म्हणजे तेल, शेक, विटेचा तुकडा तापवून फडक्यात बांधणे, आणि गावातला पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत कोकणापासून वऱ्हाडापर्यंत होती. आमच्या चाळीतही एक पायाळू बाई होत्या. सकाळी त्यांच्या दाराशी दोन-चार माणसे पाठ वाकवून बसलेली असत.

आपण शिकलेली माणसे या समजुतीला हसतो. परंतु पायाळूला यश येत होते हे खोटे नव्हे. साध्या कंबरदुखीचा स्वभावच असा आहे की बहुतेकांची ती काही दिवसांत वा काही आठवड्यांत आपोआप उतरते. तेव्हा शेवटी ज्याचा हात किंवा पाय लागला, त्याला श्रेय मिळते. पायाळूला मिळाले, मग हाडवैद्याला, मग सुईला, मग कंबरपट्ट्याला. आज ते यंत्राला मिळते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

कंबर कोर्टात जाते

कंबरदुखीचे रूप पालटले ते आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. त्या सुमारास इंग्लंडात गाड्यांचे अपघात वारंवार होत होते आणि जखमी उतारू रेल्वे कंपन्यांकडे भरपाई मागत होते. ज्याचा पाय तुटला त्याचा प्रश्न नव्हता. परंतु असे पुष्कळ होते की अंगावर खरचटलेलेसुद्धा नाही, आणि तरी म्हणत, पाठ दुखते, काम होत नाही. १८६६ साली जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यवैद्याने या दुखण्यावर व्याख्याने प्रसिद्ध केली. धक्क्याने कण्यातील मज्जेला इजा होते, असे त्याचे मत होते. लोकांनी या दुखण्याला 'रेल्वेचा कणा' असे नाव दिले. उतारूंच्या वकिलांना हा ग्रंथ वरदान वाटला. पुढे १८८३ साली हर्बर्ट पेज याने उलट ग्रंथ लिहिला, की इजा कण्याला नसून भीतीने मनाला होते. हा पेज एका मोठ्या रेल्वे कंपनीचा शल्यवैद्य होता, हे सांगितले म्हणजे पुरे.

या वादात खरे कोण याच्याशी मला आज कर्तव्य नाही. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. इथपर्यंत दुखणाऱ्या माणसाचा शब्द पुरेसा होता; 'दुखते' म्हटले की शेक मिळत असे. आता दुखण्यामागे पैसा आला. पैसा आला तसा पुरावा आला. 'तुझी पाठ दुखते हे कशावरून?' हा प्रश्न विचारणारा माणूस डॉक्टर नव्हता, तो पैसे देणारा होता.

आपल्याकडे हाच प्रश्न गिरण्यांतून निघाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. आणखी एक मागणी होती, तिची आठवण आपण फारशी ठेवत नाही : कामावर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले.

त्या भरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला तर कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचा तो तक्ता. दोन्ही हात गेले तर शंभर टक्के. अंगठा गेला तर तीस टक्के. मी हा तक्ता अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी माझे बोट एकाच ठिकाणी अडते. त्यात कंबर नाही. तुटलेले बोट मोजता येते, दुखणारी पाठ मोजता येत नाही, म्हणून तिला रकाना नाही. तक्त्यात नसलेल्या इजेसाठी डॉक्टराने टक्के ठरवावेत अशी तरतूद आहे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : कशावरून?

प्रकाशाची साक्ष

या 'कशावरून'चे उत्तर सापडल्यासारखे वाटले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. जर्मनीतील वुर्ट्सबर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. बोटातल्या अंगठीसह हाडे दिसली. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत बीव्हर नावाच्या लष्करी सर्जनने हे यंत्र नेले आणि शिपायांच्या अंगातील गोळ्या शोधल्या. मोडलेले हाड, रुतलेली गोळी, क्षयाने पोखरलेली छाती. या कामी क्ष-किरणांचे उपकार मोजता येणार नाहीत.

कंबरेच्या बाबतीत मात्र हाड बहुधा शाबूतच दिसे. मग १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी दाखवून दिले की दोन मणक्यांमधली चकती फुटून बाहेर येते आणि पायात जाणाऱ्या नसेवर दाबते. ती काढली की पायाची कळ जाते. शोध खरा होता आणि मोठा होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की सगळ्याच कंबरदुखीला एक वस्तू मिळाली. 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आला', 'नस दबली' ही भाषा आज भिवंडीच्या प्रत्येक नाक्यावर ऐकू येते. पुढे गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा काप-चित्रांचा फोटो काढला, आणि १९७७ पर्यंत चुंबकाच्या साहाय्याने माणसाच्या शरीराचे चित्र निघू लागले. तोच आजचा एमआरआय. त्यात हाडच काय, चकती, नस, स्नायू सारे दिसते. शंभर वर्षे ज्याची वाट पाहिली तो साक्षीदार शेवटी हजर झाला, असे सर्वांना वाटले.

साक्षीदार काय सांगतो

आता या साक्षीदाराची उलटतपासणी करू. १९९४ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी एक साधी युक्ती केली. ज्यांची कंबर दुखत नाही अशाच ९८ माणसांचे एमआरआय त्यांनी काढले. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांची, म्हणजे ५२ टक्क्यांची, निदान एक चकती फुगलेली निघाली. ज्यांच्या सगळ्या चकत्या निर्दोष होत्या असे फक्त ३६ टक्के. २०१५ साली अशाच अनेक अभ्यासांची बेरीज झाली. तीन हजारांहून अधिक निरोगी माणसे. विशीतल्या माणसांत ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. आणि यांतले कोणीही कंबर दुखते म्हणत नव्हते.

आमच्या धंद्यातला दाखला देतो. भिवंडीच्या कारखान्यांत कितीतरी माग दुसऱ्याच्या हातून आलेले, जुने आहेत. त्यांतला कोणताही खोलून पाहा, दांडा झिजलेला, पेटी घासलेली, दाते बोथट झालेले दिसतील. तरी तो माग रोज कापड विणतो. आज सकाळी धागा का तुटतो आहे, याचे उत्तर त्या झिजेत असेलच असे नाही. सूत कच्चे असेल, खळ कमी पडली असेल, हवा कोरडी असेल. शहाणा जॉबर आधी धागा हातात धरून पाहतो. माग खोलायला बसत नाही.

मग फोटो काढल्याने रुग्णाला फायदा होतो का? इंग्लंडात घरच्या डॉक्टरांकडे आलेल्या ४२१ रुग्णांवर याचा प्रयोग झाला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचा क्ष-किरण फोटो काढला, निम्म्यांचा नाही. तीन महिन्यांनी पाहिले तर फोटो काढलेल्यांची कंबर अधिक दुखत होती. परंतु पुढे समाधान कोणाला जास्त वाटले? तेही फोटो काढलेल्यांनाच! माणसाचा स्वभाव यात पुरा उतरला आहे. अमेरिकेत ३८० रुग्णांवर साध्या फोटोची आणि एमआरआयची तुलना झाली. वर्षाने दोन्हीकडची माणसे सारखीच बरी होती, मात्र एमआरआयवाल्यांत शस्त्रक्रिया जास्त झाल्या. २००९ साली अशा सहा प्रयोगांची, अठराशे रुग्णांची बेरीज झाली. गंभीर आजाराची खूण नसताना लगेच फोटो काढून काहीही लाभ नाही, हा तिचा निष्कर्ष.

हे सारे छापून झाल्यावरही चिठ्ठ्या थांबल्या का? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत वेगवेगळ्या देशांतील चाळीस लाखांहून अधिक चिठ्ठ्या, एकवीस वर्षांच्या, तपासल्या आहेत. घरच्या डॉक्टराकडे कंबर घेऊन गेलेल्या चौघांमागे एकाला फोटो सांगितला जातो. रुग्णालयाच्या तातडीच्या खोलीत तिघांमागे एकाला. आणि मोठ्या यंत्रांचे फोटो त्या काळात ७.४ टक्क्यांवरून ११.४ टक्क्यांवर चढले. ज्ञान एका बाजूला वाढत होते, चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला.

भिवंडीचा डॉक्टर

याचा दोष एकट्या डॉक्टरावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. भिवंडीतला गल्लीतला डॉक्टर संध्याकाळी सातला दार उघडतो तेव्हा ओट्यावर चाळीस माणसे बसलेली असतात. कंबर नीट तपासायची तर रुग्णाला झोपवून पाय उचलून पाहायचा, अंगठ्याची ताकद पाहायची, ताप, वजन, लघवी यांची चौकशी करायची. त्याला पंधरा मिनिटे लागतात. चिठ्ठी लिहायला पंधरा सेकंद. शिवाय रुग्ण स्वतःच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, फोटो काढून टाका ना." नाही म्हटले तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो. काही चुकलेच तर कोर्टाची भीती आहेच.

आणि पैशाचा भाग झाकून चालणार नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास बंदी केली. तरी महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरील कामाने जगाला ठाऊक असलेले, यांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो ठेवून घेतला नाही. वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. डॉक्टर अरुण गद्रे आणि डॉक्टर अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन २०१६ साली या 'कट'वर पुस्तकच लिहिले. हे बोलणारे सगळे डॉक्टरच होते, हे विसरू नये. घाण दाखवणारा हात त्याच घरातला आहे.

परंतु भिवंडीत आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत मोठे वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्राध्यापक आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सरकारला दिली. तिच्यावरून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंनी योजनेचे उद्घाटन केले, आणि १९५४ साली ती मुंबईला आली. मुंबईत तिने एक चांगली गोष्ट केली : गल्लीतल्याच डॉक्टरांना 'पॅनेल'वर घेतले. गिरणी कामगार आपल्या ओळखीच्या डॉक्टराकडे जाई. डॉक्टराने कंबर पाहून दाखला लिहिला की सुट्टी आणि साधारण निम्मी मजुरी मिळे. दाखले खोटे निघतात अशी मालकांची ओरड होती, आणि काही निघतही असतील. तथापि मुद्दा असा की कंबर दुखते हे सिद्ध करायला डॉक्टराची सही पुरत होती. फोटो लागत नव्हता.

भिवंडीच्या यंत्रमागाला हे सुख फारसे लाभले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांचे विणकाम इकडे वाहत आले. माग वाढले, पण कारखाना लहानच राहिला. म्हणजे कागदावर लहान राहिला. एकाच छपराखाली चार नावांची चार खाती आणि प्रत्येकात दहाच्या आत माणसे, मग कारखाना कायदाही नाही आणि विमाही नाही. कामगार बारा तासांच्या पाळीत चार-सहा मागांमध्ये उभा. वाकून कांडी बदलायची, वाकून तार जोडायची. भरलेला बीम तर चौघांच्या खांद्यावरून चढतो. मजुरी मीटरवर. ज्या दिवशी माग बंद त्या दिवशी पैसा बंद, आणि भिशीचे जेवण मात्र चालूच.

अशा माणसाला दाखला देणारा कोणी नाही, आणि दाखला मानणाराही नाही. शेठजीकडे जाऊन 'कंबर दुखते, आठ दिवस हलके काम द्या' म्हटले तर शेठजी विचारतो, 'कशावरून?' म्हणून तो फोटो काढतो. उपचारासाठी नव्हे, पुराव्यासाठी. जिथे माणसाच्या शब्दाला किंमत नाही आणि डॉक्टराच्या सहीलाही नाही, तिथे फिल्मला किंमत येते. भिवंडीतल्या फोटोंचा हा खरा इतिहास आहे.

दोन माणसे

नावे सांगत नाही, पण दोघेही माझ्या कचेरीत आलेले. पहिला शांतीनगरकडचा विणकर, वय बेचाळीस. बीम उचलताना कंबर धरली. चौथ्या दिवशी चिठ्ठी, पाचव्या दिवशी एमआरआय, साडेपाच हजार रुपये. ते मुकादमाकडून उचल घेऊन. अहवालात तीन ठिकाणी चकत्या फुगल्याचे लिहिलेले. त्याच्या वयाला ते नवलाचे नव्हे, हे आपण आत्ताच पाहिले. पण त्याला ते कोणी सांगितले नाही. तो म्हणाला, "दादा, माझा मणका संपला." तो अहवाल त्याने पिशवीत घालून देवाच्या फोटोसारखा जपला, आणि वाकायचेच सोडले. तीन महिन्यांनी दुखणे उतरले. भीती उतरली नाही. आणि शेठजीने तोच अहवाल पाहून म्हटले, 'मग तू कामाचा राहिलाच नाहीस.' ज्या पुराव्यासाठी कर्ज काढले, त्याच पुराव्याने रोजी गेली.

दुसरा मानकोलीकडच्या गोदामातला हमाल, वय सव्वीस. नाशिक रस्त्याला लागून जी मोठमोठी गोदामे उभी राहिली, त्यांत खोकी उतरवणारा. चार महिने पाठ दुखत होती. रात्री अधिक दुखे, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेले. त्याला मात्र कोणी फोटो सांगितला नाही. हमालाची पाठ दुखायचीच, म्हणून गोळ्या. पाय लटपटू लागले तेव्हा तपासणी झाली. मणक्याचा क्षय निघाला. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली वर्णन केलेला आजार. औषध आहे, तो माणूस आज चालतोही. पण चार महिने हातचे गेले.

एकाच गावात, एकाच आठवड्यात, ज्याला नको त्याला फोटो आणि ज्याला हवा त्याला नाही. म्हणून 'फोटो कमी करा' एवढेच म्हणून भागत नाही. ऑस्ट्रेलियात घरच्या डॉक्टरांकडे नव्याने आलेल्या १,१७२ कंबररुग्णांत गंभीर आजार फक्त अकरांना निघाला. हा आकडा आधार देणारा आहे, परंतु सिडनी म्हणजे भिवंडी नव्हे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. ताप, वजन उतरणे, रात्रीचे दुखणे, पूर्वीचा कर्करोग, उंचावरून पडणे, पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे. यांतली एक जरी खूण असली तरी तपासणी त्याच दिवशी हलली पाहिजे. ती खूण आहे की नाही हे यंत्र सांगत नाही. ते विचारणारा डॉक्टरच सांगतो.

मालकांच्या हातातले शस्त्र

एक धोका मला कामगारांचा माणूस म्हणून सांगितला पाहिजे. फोटोत दुखणे दिसत नाही, हे वाक्य मालकाच्या तोंडी पडले की त्याचा अर्थ बदलतो. फोटो स्वच्छ आला की 'नाटक करतोस'. आणि फोटो काढायचाच नाही म्हटले की 'पुरावाच नाही'. अमेरिकेत विमाने बांधणाऱ्या बोइंग कंपनीच्या ३,०२० कामगारांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नव्हते, त्यांनी पाठदुखीची तक्रार करण्याचे प्रमाण इतरांच्या अडीच पट होते. काही मालकांनी याचा अर्थ लावला : दुखणे मनाचे आहे. मी उलट अर्थ लावतो. जिथे माणसाला कामात मान नाही, विसावा नाही, बोलायची सोय नाही, तिथे कंबर लवकर धरते आणि उशिरा सुटते. दुखणे खरेच आहे; त्याचे एक कारण कण्याच्या बाहेर आहे, इतकेच. आणि कण्याच्या बाहेरचे कारण कोणत्याही यंत्राच्या फिल्मवर उमटत नाही.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, समजूत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून लोकांना एवढेच सांगितले की कंबर धरली तर हालत राहा, नेहमीचे काम जमेल तितके करा, घाबरू नका. भरपाईचे दावे सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरले आणि डॉक्टरांची मतेसुद्धा बदलली. अंथरुणाचेही तसेच. पूर्वी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत. १९८६ साली २०३ रुग्णांवर प्रयोग झाला. दोन दिवस झोपलेले हे सात दिवस झोपलेल्यांपेक्षा कामाचे पुष्कळ कमी दिवस बुडवून परतले. मात्र 'हालत रहा' याचा अर्थ दुसऱ्या दिवशी बीम उचला असा नव्हे.

म्हणून दुसरी गोष्ट, हलके काम. डॉक्टराने हात लावून तपासून लिहून दिले की पंधरा दिवस ओझे नको, तर ते कारखान्यात मानले गेले पाहिजे. फोटो मागता कामा नये. ही मागणी आम्ही वेतनवाढीच्या मागणीशेजारी मांडली पाहिजे, तळटीपेत नव्हे.

तिसरी गोष्ट, ओझे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमातही इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये असे लिहिले होते. अण्णासाहेब पाटलांच्या माथाड्यांनी लढून १९६९ साली स्वतःचा कायदा मिळवला. 'माथाडी' या शब्दातच ओझे आहे. २०२० साली संसदेने अनेक जुने कामगार कायदे नव्या संहितांत एकत्र बांधले. पुस्तक बदलले तरी बीम तितकाच जड आहे. बीम वाहायला चाकांची गाडी आणि चढवायला साखळीचा कप्पी-घोडा, एवढे साधन प्रत्येक कारखान्यात असले, तर त्याने जितक्या कंबरा वाचतील तितक्या कोणतेही यंत्र फोटो काढून वाचवणार नाही. त्याचा खर्च काही थोड्या एमआरआयइतका आहे.

चौथी गोष्ट डॉक्टरांना विनंती. चिठ्ठी लिहिण्याआधी रुग्णाला एक वाक्य सांगा : 'मी तपासले, गंभीर काही नाही, इतक्या आठवड्यांत उतरेल, अमुक झाले तर त्याच दिवशी या.' हे वाक्य फुकट आहे आणि औषधासारखे लागू पडते. आणि आम्हा कामगारांना विनंती अशी की फोटो सांगितला तर भीडभाड न ठेवता विचारा : यात काय निघाले तर माझा उपचार बदलेल? उत्तर मिळाले तर कर्ज काढूनही फोटो काढा; त्या वेळी युनियन तुमच्या पाठीशी आहे. उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवा आणि दोन आठवडे थांबा.

पाचवी गोष्ट सरकारी रुग्णालयांची. खूण असलेल्या रुग्णाचा फोटो तिथे त्याच आठवड्यात आणि विनामूल्य निघाला पाहिजे. त्याने ठाण्या-मुंबईच्या चकरा मारीत दिवस घालवता कामा नयेत. वायफळ फोटोंची गर्दी कमी झाली तरच हे शक्य आहे. म्हणून हे दोन प्रश्न एकच आहेत.

मंडळी, लोखंड्यांच्या अर्जाला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांनी मागितले ते असे : काम करताना दुखावलेल्या माणसाला बरे होईपर्यंत जगू द्या. त्यात फोटोची अट नव्हती, कारण फोटो तेव्हा नव्हता. आज फोटो आहे, त्याचा योग्य तेथे उपयोग करावा. परंतु माझी कंबर दुखते हे सांगणाऱ्या विणकराचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे, मग त्याच्या पाठीला हात लावावा, आणि यंत्राकडे त्यानंतर जावे. हा क्रम आपल्या गावातील दवाखान्यांत आणि कारखान्यांत रुजावा, एवढीच माझी इच्छा आहे.